चार फरशांची जागा

आई नागपूरहून माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला आली आणि माझ्या वाट्याला पलंगाची कड आली. पलंग चांगला डबल आहे, पण आई झोपते तिरपी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. रोज सकाळी माझी कुरकुर ठरलेली, "एवढा मोठा पलंग तुला एकटीला कसा पुरत नाही गं?" आधी ती हसायची. मग एके दिवशी म्हणाली, "तुझी झोपमोड होऊन राहिली. तिकीट काढून दे, मी जाते दादाकडे." दादाकडे तिचं आणि वहिनीचं पटत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक. मी "बघू" म्हणून विषय टाळला.

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. खेळातली घरं, गल्ल्या, जिने रचायचं काम मी करते, बहुतेक दिवस घरूनच. नव्या खेळात जुन्या वळणाचं एक साधं घर हवं होतं. मी आमचं नागपूरचं दोन खोल्यांचं क्वार्टर घ्यायचं ठरवलं. ते पाडूनही आता बरीच वर्षं झाली.

मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये घर रचते, तिथे पडद्यावर चौकटींची जाळी असते. भिंत सरकवली की ती जवळच्या रेघेला जाऊन चिकटते. मूळ चौकट एक मीटरची. पण मीटरमध्ये मला ते घर आठवेचना. दार भलतीकडेच जायचं, ओटा खिडकीत शिरायचा. मला ते घर आठवत होतं फरशांमध्ये. शहाबादी, दोन-दोन फुटांच्या. त्यांच्यावर लंगडी घालत मी मोठी झाले. कुठली फुटकी, कुठली उन्हाळ्यातही गार, सगळं पाठ. म्हणून जाळीची सेटिंग उघडली आणि चौकट दोन फुटांची करून टाकली. मग काय, भिंती पटापट जागेवर बसल्या. मी स्वतःवरच खूश झाले.

बाहेरची खोली झाली. तिथे बाबा आणि आजोबा खाटांवर झोपायचे, आम्ही दोघं भावंडं खाली. मग स्वयंपाकघर घेतलं. तीन फरशा लांब, तीन रुंद. एक ओळ ओट्याखाली गेली. बाजूच्या भिंतीला गव्हाची कोठी, सिलिंडर, माठ. तीही ओळ गेली. राहिल्या चार फरशा. आई तिथे झोपायची, हे मला माहीत होतं. इतकं माहीत होतं, की त्याचा कधी विचारच केला नव्हता.

मापं तपासायला आमच्याकडे माणसाची एक करडी आकृती असते. तिची उंची आईइतकी, पाच फूट केली आणि तिला जमिनीवर आडवी ठेवली. पाय कोठीतून आरपार गेले. दुसऱ्या बाजूला वळवली, तर डोकं ओट्यात. म्हटलं, चौकटच चुकली. वरिष्ठाला कॉलवर पडदा दाखवला तर तो म्हणाला, "इतना छोटा किचन कौन बनाता है? ग्रिड चेक करो." केली चेक. दोन फूटच होती.

आई हॉलमध्ये खाली बसून अवरेच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगा सोलत होती. तिला हाक मारली. ती चष्मा पुसत आली.

"अगं, कोठी बरोब्बर इथेच होती."

"आई, जागा एवढीच होती?"

"एवढीच. काहून?"

"मग तू झोपायचीस कशी?"

"तिरपी," ती म्हणाली. "दाराकडे डोकं. तू खोकलीस तर ऐकू यायचं." आणि ती पुन्हा शेंगांकडे गेली.

आकृती तिरपी होईना, कारण वस्तू काटकोनातच वळतील असं मीच ठरवून ठेवलं होतं. ते बदललं. तिला वळवली. डोकं दाराशी, पाय ओटा आणि कोठीच्या मधल्या कोपऱ्यात. जेमतेम बसली. लग्न झाल्यापासून क्वार्टर सुटेपर्यंत ही बाई अशी झोपली होती. रात्री तहान लागली की मी तिला ओलांडून माठाशी जायचे.

दुपारी खोलीत गेले तर आई पलंगावर आडवी झाली होती. भिंतीला चिकटून, हात अंगाशी आवळून, अगदी सरळ. डोळे मिटलेले, पण कपाळाला आठ्या.

"अशी का झोपलीस?"

"सवय करून पाहते," ती डोळे न उघडता म्हणाली. "सरळ झोपणं जमलं, तर तिकीट राहू दे."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"आई, तिरपी झोप," मी म्हणाले.

"आणि तू?"

"मी हॉलमध्ये गादी टाकते."

"सरी," ती म्हणाली. 'बरं' म्हणायचा हा कानडी शब्द तिने खालच्या भाजीवाल्या अक्काकडून उचललाय. मग ती वळली, पाय पलंगाच्या त्या कोपऱ्यात नेले आणि पाहता पाहता घोरायला लागली. तिचं डोकं दाराकडे होतं.