प्रियाच्या वाट्याचं झाड

नीलाबाई सगळा हिशोब मोहाच्या झाडावरून लावायची. पोरीचं वय, सालाची खुशाली, नवऱ्याचा रुसवासुद्धा. म्हणून गडचिरोलीच्या कोर्टात साहेबांनी विचारलं, "बाई, पोरीच्या भरपाईचे पैसे आत्ता एकदम हवेत, की तिच्या नावावर बँकेत ठेवून वर्षाकाठी व्याज?" तेव्हा वर पंखा गरगरत होता आणि नीलाबाईला मोहाची फुलं टपटपताना ऐकू येत होती.

गेल्या वर्षी शाळेतून येताना ट्रकनं उडवलं, तेव्हापासून आठ वर्षांच्या प्रियाचा उजवा गुडघा वाकत नाही. चालते, पण उकिडवी बसू शकत नाही. मग तिनं मोह वेचायचा कसा? वकिलाच्या कागदात हे कुठंच नव्हतं, नीलाबाईच्या काळजात मात्र हेच रुतून बसलं होतं. त्यांच्या गावात घराघराची झाडं ठरलेली. बापामागं ती पोरांकडे जातात, पोरींच्या वाट्याला झाड नाही.

शेजारी नवरा, लालसू. महिनाभर त्याच्या स्वप्नात लाल ट्रॅक्टर धडधडत होता. "एकदम घे," तो कुजबुजला. "प्रियाले ट्रॅक्टरवर बसवून शाळेत नेईन." लबाड नव्हता बिचारा, त्याला पोरगी खरंच वर बसलेली दिसायची. नीलाबाईलाही ती दिसली, ऐटीत. पण बघता बघता ट्रॅक्टर गंजला, चाकं रुतली, आणि अंगणात पिकल्या केसांची प्रिया काठी धरून एकटीच उभी राहिली.

"ठेवा, साहेब. पोरीच्या वाट्याचं झाडच समजा ते. अन् मोह पडते तवा व्याज देत जा."

कारकुनाचा पेन थांबला. "तारीख सांगा, बाई."

"तारीख झाडाले माहीत."

साहेब हसले आणि त्यांनी एप्रिल लिहायला सांगितलं. परतताना लालसू एसटीत वेगळ्या बाकावर जाऊन बसला.

चैत आला. पहाटे मायलेकी टोपली घेऊन रानात गेल्या, तर लालसू आधीच तिथं हजर. त्यानं चार खुंट रोवून नीलाबाईची जुनी लुगडी झाडाखाली कमरेएवढ्या उंचीवर ताणली होती. त्यावर पिवळसर फुलं अलगद येऊन पडत होती. प्रिया उभ्या उभ्या ओंजळी भरू लागली. नीलाबाईला वाटलं, अजून झोपेतच आहोत आपण. तिनं पदरानं डोळे पुसले.

"माय," प्रिया म्हणाली, "मी अठराची झाली का बँकवाले सारे पैसे देऊन टाकतीन ना?"

"हो."

"मंग ते तर झाड तोडल्यावानीच झालं."

लुगड्याची सुटलेली गाठ बांधता बांधता लालसू बोलला, "तोडाचं का राखाचं, ते तवा तू सांगजो. आमी नाई बोलनार."