दंड थांबला तेव्हा

लेक डेंग्यूनं दवाखान्यात सलाईनवर होती, तेव्हाच मी आरोग्य विभागात तक्रार केली. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात घरोघरी उघडी पिंपं. पाण्यात अळ्या वळवळताना मी स्वतः पाहिल्या होत्या. डास होऊ देणाऱ्याला दंड करायचा नियम आहे ना, मग तो वापरा, असं मी स्पष्टच सांगितलं.

पथक आलं. फवारणी झाली, दंडाच्या पावत्या फाडल्या गेल्या आणि समोरच्या घरातलं पिंप आडवं करून सगळं पाणी गटारात सोडलं. त्या घरातल्या बाईचा नवरा यंत्रमागावर कामाला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाण्याची पुढची पाळी लांब होती.

आमची टाकी झाकणाची, म्हणून वाचली होती. त्यातल्या दोन कळशा मी तिला नेऊन दिल्या.

"तक्रार तुमीच केली व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

कळशी ओतून घेत ती म्हणाली, "पोरगी कशी हाय?"

"ताप उतरलाय."

"बरं झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तक्रार चुकली असं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मग दंड थांबवा म्हणून बोळातली माणसं नगरसेवकांकडे गेली. निवडणूक तोंडावर होती. त्यांनी फोन फिरवला, दंड थांबला, चौकात त्यांना हार घातले. पण दंडाबरोबर पथकच यायचं बंद झालं. लेक घरी आली आणि समोरच्या बाईचे सासरे तापानं फणफणले. डेंग्यूच निघाला.

ती आणि मी, दोघी नगरसेवकांकडे गेलो.

"दंड रद्द केला की," ते म्हणाले. "आता अजून काय पाहिजे?"

"दंड नको म्हणलं होतं आमी," ती शांतपणे म्हणाली. "औषध मारू नका म्हणलं न्हवतं. पाणी तरी रोज सोडा, न्हायतर पिंपाला झाकणं द्या."

"निवडणूक होऊ द्या. आत्ता पथक पाठवलं तर लोक माझ्यावरच चिडतील."

त्यांनी चहा मागवला. आम्ही तो न घेताच उठलो.

सासरे वाचले नाहीत. माती झाल्यावर फवारणीवाला आला आणि फक्त त्यांच्या घरात धूर करून निघाला. तिनं दारातूनच त्याला थांबवलं.

"बाकीची घरं?"

"एवढंच सांगितलंय, ताई," असं म्हणत तो यंत्र खांद्यावर घेऊन गेला.