बिना जिनचा ग्लास

वीज सकाळीच गेली होती. जनरेटरवर किचनचे फ्रीज आणि पाण्याचा पंप चालत होता. बर्फाचं मशीन त्याला झेपत नव्हतं. तुमसरहून मागवलेली बर्फाची लादी मी गोणपाटात गुंडाळून बारच्या मागे ठेवली होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत लहान होत चालली होती. बाहेर स्विमिंग पूलच्या शेजारी, शेडखाली, जुन्या शाळकरी मित्रांचा ग्रुप बसला होता. त्यांना जिनचं गार कॉकटेल हवं होतं, तेही ताबडतोब. आणि मालक नागपूरहून फोन करून विचारत होते, "रामटेके, गार्निश फोटोसारखं येतंय ना?"

मी तेव्हा आंबागडच्या किल्ल्यापासून थोडं पुढे असलेल्या एका रिसॉर्टवर बार इन्चार्ज होतो. भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर आमच्या बाजूला जंगलाच्या कडेनं अशी रिसॉर्टं हळूहळू उभी राहिली. त्याआधी बरीच वर्षं मी नागपूरच्या हॉटेलांमध्ये काढली होती. गावाजवळ नोकरी मिळाली म्हणून आलो. गावाजवळचं ऊन विसरलो होतो.

कॉकटेलची कल्पना मालकांची. कुठल्या तरी परदेशी हॉटेलचा फोटो त्यांनी मोबाईलवर पाठवला. उंच ग्लास, हिरवी पानं, काकडीचा लांब, पातळ काप. खाली लिहिलं होतं, गार्डन हर्ब्स. "आपल्याकडे पण किचनच्या मागे गार्डन आहेच ना," ते म्हणाले. गार्डन म्हणजे हिरव्या जाळीखाली लावलेला पुदिना, गवती चहा आणि तुळस. मेमध्ये त्यातलं निम्मं दुपारपर्यंत मान टाकायचं. तुळस दारूत घालायला आमच्या स्वयंपाक्यानं साफ नकार दिला आणि मलाही ते बरं वाटत नव्हतं. शेवटी सब्जाचं झाड लावलं. ज्याचं बी आपण सरबतात भिजवून टाकतो, तेच. त्याच्या पानाला गोडसर, लवंगेसारखा वास येतो.

कृती अवघड नाही. ग्लासात पुदिन्याची आणि सब्जाची पानं, लिंबाच्या फोडी आणि थोडं साखरेचं पाणी घालायचं. लाकडी दांड्यानं ते हलकेच दाबायचं. याला आमच्या लाइनीत मडल करणं म्हणतात. दाबायचं, कुटायचं नाही. कुटलं की पुदिना कडू होतो. मग बर्फ, त्यावर जिन, आणि वरून टॉनिक. टॉनिक म्हणजे किंचित कडसर सोडा. शेवटी गवती चहाची एक पात उभी खोचायची. जिनला स्वतःचा रंग नसतो. जुनिपर नावाच्या एका फळाचा वास तिला असतो, पण पानं आणि लिंबू त्यावर बरंचसं पांघरूण घालतात. गरम दिवसात माणूस पहिला ग्लास सरबतासारखा पितो आणि मग त्याला कळतं की हे सरबत नव्हतं.

ग्रुप जमून थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात त्यांच्यातला एक जण एकटाच उठून काउंटरवर आला. सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, वय पन्नाशीकडचं. नाव प्रमोद. नाकाडोंगरीकडे खाणीत नोकरीला होता. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, एक काम होतं. मी सोडली आहे."

मी मान हलवली. हे वाक्य बारच्या काउंटरवर जितकं ऐकू येतं तितकं दुसरीकडे कुठं येत नसेल.

"मले यातलंच द्या, पण दारू टाकू नका. आणि ग्लास सारखाच दिसला पाहिजे. नाहीतर हे पोट्टे मले बसू देणार नाहीत."

"लिंबूपाणी देऊ का साधं?"

"नाही ना भाऊ. लिंबूपाणी पाहिलं की सुरू होतात. मागं पिवळा पडून दवाखान्यात होतो. बायको उशाशी बसून राहिली होती. तेव्हापासून हात नाही लावला." मग शेडकडे बघून म्हणाला, "मले मित्रांत बसाचं आहे, एवढंच."

मी हो म्हटलं. वेगळा ग्लास ओळखण्याची माझी एक पद्धत होती. ज्यात जिन, त्या ग्लासातल्या गवती चहाच्या पातीला मी एक गाठ मारायचो. ज्यात नाही, त्याची पात सरळ. गिऱ्हाइकाला ती शोभा वाटते, वाढणाऱ्याला खूण कळते.

पहिला ट्रे लावत होतो तेव्हा दिनेशभाऊ आले. तुमसरला त्यांची राइस मिल होती. सगळं रिसॉर्ट त्यांनीच बुक केलं होतं, जेवणही त्यांच्याकडूनच. मोठा आवाज, मोठं हसू. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाले, "प्रमोद तुझ्याकडे आला होता ना? बिना दारूचं सांगून गेला असंल."

मी ग्लासातली पानं दाबत राहिलो.

"त्याच्या ग्लासात पण टाक. त्याले समजत नाही यात."

"साहेब, त्यांनी नाही सांगितलं आहे."

"अरे, एका ग्लासानं काय होते? शाळेपासूनचा दोस्त आहे माझा. दारू सोडली तसा हसणंच सोडलं त्यानं. कोपऱ्यात बसून राहते. आज मले आमचा जुना प्रमोद पाह्यजे."

वाईट माणूस नव्हता तो. हे मी आजही म्हणतो. मित्रावर त्याचा जीव होता आणि तो जीव दाखवायचा एकच रस्ता त्याला ठाऊक होता.

"जमणार नाही साहेब," मी म्हणालो. "ते आजारी होते."

दिनेशभाऊंनी माझ्यासमोरच मालकांना फोन लावला. हसत हसत बोलले आणि फोन माझ्या हातात दिला. मालक म्हणाले, "रामटेके, गेस्ट जो बोल रहा है वो करो ना यार. पूर्ण प्रॉपर्टी त्यांनी घेतली आहे. कायले इश्यू करून राहिला?"

मागे बर्फ वितळत होता. सकाळपासून उभा होतो, पाठ धरली होती. त्या आठवड्यात असे ग्रुप येतच होते आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक दिनेशभाऊ असायचा. वाद घालायची ताकद नव्हती. मी म्हणालो, "ठीक आहे सर." फोन परत दिला. दिनेशभाऊंनी विचारलं, "मग?" मी म्हणालो, "हो साहेब."

आणि जिन घातली नाही. आमच्या लाइनीत हे नवीन नाही. जास्त झालेल्या गिऱ्हाइकाला आम्ही असंच करतो. तो लार्ज पेग मागतो, आम्ही हो म्हणतो आणि सोडाच जास्त घालतो. भांडण टळतं, माणूस घरी पोचतो. मला वाटलं, इथंही तसंच होईल. प्रमोद सरबत पिईल, दिनेशभाऊंना वाटेल जिन आहे, संध्याकाळी सगळे गाड्यांत बसून तुमसरला जातील.

ट्रे मी स्वतः घेऊन गेलो. सरळ पातीचा ग्लास प्रमोदच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनीच सांगितलं. तो खुर्चीत जरा मागे टेकून बसला. पहिला घोट घेतला, तसा त्याचा चेहरा सैल झाला. "मस्त आहे," म्हणाला. शाळेतल्या कुठल्या तरी मास्तरांची गोष्ट सांगायला लागला आणि सगळे हसले. मी काउंटरवरून बघत होतो. माणूस खरोखर बोलका होता. त्याला ग्लासात काही लागत नव्हतं, फक्त हातात ग्लास लागत होता.

ग्लास निम्मा झाला असेल, तेव्हा दिनेशभाऊ उठून उभे राहिले. टाळ्या वाजवून म्हणाले, "पाहा रे! कोण म्हणते याले चालत नाही? बे पम्या, जिन आहे त्यात! मीच टाकाले लावली. पेला ना? झालं का काही?"

सगळ्यांनी आरडाओरडा केला. कोणीतरी प्रमोदच्या पाठीवर थापा मारल्या.

प्रमोद आधी हसला. हसता हसता ग्लासकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून नीट सांगता येत नाही. रागाचं नव्हतं ते. कुलूप लावून गेलेल्या माणसाला परत आल्यावर आपल्याच घराचं दार उघडं दिसावं, तसं होतं. त्यानं ग्लास टेबलावर ठेवला. हात पँटला पुसला.

"खरंच हाय?" त्यानं विचारलं.

"मंग काय!"

बाकीचे अजून हसतच होते. प्रमोद म्हणाला, "मोडलं तर मोडलंच मग. आता कायले सांभाळू?" आणि त्यानं शेजारच्याचा ग्लास उचलला. त्याच्या पातीला गाठ होती.

मी काउंटरच्या बाहेर कसा आलो ते आठवत नाही. हात ओले होते. त्याचं मनगट धरलं. गिऱ्हाइकाला हात लावायचा नसतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

"प्रमोदभाऊ, तुमच्या ग्लासात जिन नव्हती."

दिनेशभाऊ म्हणाले, "काय बोलून राहिला तू? मालकानं सांगितलं तुले. माझ्यासमोर हाव म्हणला तू."

"म्हणलो. पण घातली नाही."

प्रमोद माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिला हा." हातातला ग्लास त्यानं सोडला नव्हता. मीही मनगट सोडलं नव्हतं.

त्याला तसं वाटण्यात चूक नव्हती. मी त्यालाही हो म्हटलं होतं आणि दिनेशभाऊंनाही. दोघांपैकी कोणाला खोटं सांगितलं, हे त्यानं कशावरून ओळखायचं? जिन बघून दिसत नाही. पातीच्या गाठीचं सांगितलं असतं, तरी ती खूण मीच ठरवलेली होती, त्या टेबलावर कोणाला ठाऊक नव्हती. त्याला स्वतःला चाखायला सांगितलं असतं, तर घाबरलेल्या माणसाच्या जिभेला काहीही लागतं.

मी त्याचा निम्मा उरलेला ग्लास उचलला आणि दिनेशभाऊंसमोर धरला. "साहेब, तुम्ही घ्या एक घोट. तुम्ही सांगा."

दिनेशभाऊंनी ग्लास घेतला. एवढ्या लोकांत एका बारवाल्यानं त्यांना खोटं पाडलं होतं. "आहे बे, पे," असं हसून म्हणायला त्यांना काही लागलं नसतं. आणि ते तसं म्हणाले असते, तर त्यावर बोलायला माझ्याजवळ काही उरलं नसतं. त्यांनी वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला. मग प्रमोदच्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटतं, दिनेशभाऊंनी त्या दिवशी मित्राला नीट बघितलं ते तेव्हाच.

"नाही आहे बे पम्या," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "निंबूपाणीच आहे."

"खरं सांग."

"खरं सांगून राहिलो. ठेव तो ग्लास. ठेव बाबू."

प्रमोदनं ग्लास ठेवला. खुर्चीत बसला आणि तोंडावरून रुमाल फिरवत राहिला, उन्हाचा घाम पुसावा तसा. पंपाचा आवाज येत होता. पुढच्या ट्रेसाठी कोणी विचारलं नाही.

जेवायला तो थांबला नाही. दिनेशभाऊ स्वतः गाडी काढायला गेले. निघताना प्रमोद काउंटरवर आला. "भाऊ, खरंच नव्हती ना?"

"नव्हती."

"तुमच्या लेकरांची शपथ?"

मी शपथ घेतली. तो गाडीपर्यंत गेला आणि दार उघडून पुन्हा माझ्याकडे वळून बघत उभा राहिला. मी लांबूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं. तेव्हा बसला.

पुढं त्याची दारू कायमची सुटली की नाही, मला माहीत नाही. चांगली बातमी सांगायला मला आवडली असती, पण ती माझ्याकडे नाही.

मालक दुसऱ्या दिवशी आले. तक्रार दिनेशभाऊंनी केली नव्हती. ग्रुपमधल्या दुसऱ्याच कोणीतरी केली. मालक म्हणाले, "गेस्टला हात लावला, गेस्टला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. आणि मला फोनवर ठीक आहे म्हणालास."

"हो सर."

"नाही म्हणायचं होतं तर फोनवर का नाही म्हणालास?"

रागात का होईना, प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "थकलो होतो सर." त्यांना ते उत्तर वाटलं नाही. त्या सीझनपुरतं मला बारवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. पावसाळ्यात मीच नोकरी सोडली आणि भंडाऱ्याच्या एका हॉटेलात लागलो.

ते कॉकटेल अजूनही बनवतो. नवीन माणूस हाताखाली आला की पानं कशी दाबायची ते दाखवतो. आणि हेही सांगतो, की जे करणार नाही त्याला काउंटरवरच नाही म्हणायचं, मालक फोनवर असला तरी. वाद होईल तो तिथंच होईल. हो म्हणून गप्प बसलं, तर नंतर खरं सांगायची वेळ येते, आणि तेव्हा आपलं खरं चाखून बघायला दुसऱ्या कोणालातरी बोलवावं लागतं.