फिजिक्सचीही जाहिरात द्या

गार्गीचा फोन आला तेव्हा मी ब्रिस्टलला, घराखालच्या लाँड्रेटमध्ये कपडे धुवायला टाकून वह्या तपासत होते. "मृणालमावशी, आई गेली," ती म्हणाली. पुढचं मशीनच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून मी बाहेर फुटपाथवर आले. "सकाळी गेली. हॉस्पिटलमध्येच. तू ये, पण ते काळं-बिळं घालून येऊ नकोस." मग म्हणाली, "आणि प्लीज, भाषण करू नकोस."

मी भाषण केलं नाही. लेस्टरच्या स्मशानगृहात गार्गीच्या आईच्या, नलिनीताईंच्या, जुन्या शाळेतून एक गृहस्थ आले होते, ते बोलले. नलिनीताई किती शांत होत्या, किती प्रेमळ, कधी कसली तक्रार न करणाऱ्या... लोक माना डोलवत होते. मी खुर्चीत चुळबुळ करत होते आणि शेजारी बसलेल्या गार्गीने माझा हात घट्ट दाबून धरला होता, मी उठेन या भीतीनेच असणार. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. तक्रार न करणाऱ्या. माणूस गेलं की त्याला असं गुळगुळीत करून टाकायची घाई का होते सगळ्यांना? माझे वडील अकोल्याला शिक्षक संघटनेचं काम करायचे. संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. खोटं वाक्य हवेत तसंच सोडून द्यायची सवय मला घरातूनच नाही. म्हणून हे लिहिते आहे.

नलिनीताई मला भेटल्या ब्रॅकनेलजवळच्या एका इंटरनॅशनल शाळेत. हिरवळ, घोडे, जुनी दगडी इमारत, आणि बापाची बदली होईल तसे देश बदलणाऱ्या कंपनीवाल्यांची मुलं. मी पुण्याहून गणित शिकवायला आले होते, त्या नागपूरहून आधीच येऊन फिजिक्स शिकवत होत्या. मुलींच्या वसतिगृहाच्या वर आम्हा शिक्षकांची घरं होती. मी बॅगा टेकवते न टेकवते तोच दार वाजलं. कॉटनची साडी, वर शाळेचा जाडजूड जांभळा स्वेटर, हातात झाकलेली वाटी. "वरणफळं आहेत. खाऊन घे. शाळा देखणी आहे नं?" मी हो म्हटलं. "करार वाचला का?" मी म्हटलं, पगार आणि सुट्ट्या वाचल्या. त्या माझ्याच पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे जाहिरात वाचली. करार वाचून घे."

त्या संध्याकाळी त्यांनी मला जे सांगितलं ते इथे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला कुणीतरी सांगायला हवं. घर शाळेचं, नोकरी संपली की घरही गेलं. वर्क परमिट शाळेच्या नावावर, आपल्या नाही. आपलं बी.एड. आणि तिकडची सगळी वर्षं इथे पगार ठरवताना धरत नाहीत. पुढची नोकरी मिळते ती आधीच्या हेडने दिलेल्या शिफारशीवर, म्हणून स्टाफरूममध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही. आणि मूल असेल तर त्याची शाळेतली फुकट जागासुद्धा आपल्या नोकरीलाच बांधलेली. गार्गी त्याच शाळेत शिकत होती. नवरा गेल्यावर नलिनीताई तिला घेऊन इथे आल्या होत्या. नागपूरची पक्की नोकरी सोडून, सासरच्यांचं ऐकून न घेता. हे सगळं त्या हवामानाबद्दल बोलावं तशा आवाजात सांगत होत्या. माझी मात्र कानशिलं तापली होती. "आणि तुम्ही हे चालवून घेता?" मी विचारलं. "पहिल्या दिवशीच मोर्चा काढून राहिली का?" त्या हसल्या. "आधी डॉक्टरकडे नाव नोंदव. इथे ताप आल्यावर नोंदवायला गेलं की ताप उतरून जातो, नंबर येत नाही."

या प्रकारच्या शाळांमध्ये एक रीत आहे, ती बाहेरच्यांना खरी वाटत नाही. शाळा सुरू होऊन जेमतेम काही आठवडे होतात, पानं गळत असतात, आणि हेड प्रत्येकाला विचारतो, पुढच्या सप्टेंबरात तुम्ही आहात की नाही? हो म्हटलं की तुम्ही बांधले गेलात, दुसरीकडे बघता येत नाही. नाही म्हटलं, किंवा अजून ठरलं नाही म्हटलं, की तुमच्या जागेची जाहिरात निघते. दुसरीकडच्या बहुतेक जागा जाहीर होतात त्या नंतर, हिवाळ्यात. म्हणजे हातात काहीच नसताना उत्तर द्यायचं. आणि शाळा तुम्हाला ठेवणार की नाही, हे शाळा कधी सांगणार? वसंतात, तिच्या सवडीने. इंग्रज शिक्षकांना यात नुसती गैरसोय होती. आम्हा परमिटवाल्यांचं घर, व्हिसा, मुलाची शाळा, सगळं त्या एका उत्तरात होतं.

मी अर्थातच पत्रक लिहिलं. चांगलं झणझणीत. नलिनीताईंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. "छान लिहिते तू. खाली कोणाचं नाव?"

"आम्ही सर्व शिक्षक."

"सर्व म्हणजे कोण कोण? तिघांची नावं सांग बरं."

मला दोघांचीच सांगता आली, त्यातलं एक माझं. "तुम्ही सही कराल?" मी विचारलं. त्यांनी पत्रक माझ्याकडे परत दिलं. "मला अजून एक वर्ष पाहिजे, मृणाल." मला त्यांचं गणित माहीत होतं. कायम राहण्याची परवानगी मिळायला चार वर्षांची नोकरी लागायची. त्यांची चार भरत आली आणि सरकारने त्याची पाच केली. ती परवानगी मिळाली की नोकरी गेली तरी देश सोडावा लागणार नव्हता, आणि गार्गीला इथल्या मुलांसारख्या फीमध्ये युनिव्हर्सिटीत जाता येणार होतं. त्यासाठी त्या वीकेंडच्या ड्यूट्या न कुरकुरता करत, हेडच्या विनोदांना हसत. मी रागात म्हटलं, "म्हणजे तुमचं वर्ष होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं." त्या म्हणाल्या, "तू तरुण आहे, तुला राग आला की बरं वाटते. मला राग आला की पित्त होते." आणि चहा टाकायला उठल्या.

त्याच महिन्यात मार्कचं प्रकरण झालं. मार्क कॅनडाचा, चित्रकला शिकवायचा, आमच्याच मजल्यावर बायको आणि दोन लहान मुलींबरोबर राहायचा. सरळ माणूस. त्याला विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं, की बायकोची आई आजारी आहे, अजून ठरलेलं नाही, नाताळनंतर सांगतो. पुढच्या शुक्रवारी स्टाफरूममध्ये शिक्षकांच्या जागा जाहीर होतात ती शिक्षणाची पुरवणी आली आणि तिच्यात त्याच्या जागेची जाहिरात. त्याने स्वतःच पान उलटताना वाचली. लोकांना एकदम कपाट आवरायची, कप धुवायची कामं आठवली.

सोमवारी शाळा सुटल्यावर सगळ्या स्टाफची मीटिंग होती. हेडने प्रयोगशाळेचं छप्पर, पालकसभा वगैरे उरकलं. मी उठले आणि मार्कच्या जागेबद्दल बोलले. चांगलं बोलले असं मला वाटलं होतं, आवाज मात्र चिरकत होता. हेड सौम्यपणे म्हणाला की ही सगळ्या इंटरनॅशनल शाळांची पद्धत आहे, यात व्यक्तिगत काही नाही, तुम्ही नवीन आहात. दोन-तीन जण हसले. मी खाली बसले. तेव्हा मागच्या रांगेतून नलिनीताई उभ्या राहिल्या. त्यांचं इंग्रजी अस्सल नागपुरी, प्रत्येक शब्दावर सारखाच जोर. त्या म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला हो म्हणून कळवलं होतं. ते मी मागे घेते. माझंही अजून ठरलेलं नाही. फिजिक्सचीही जाहिरात द्या." आणि बसल्या. पदर नीट केला.

फिजिक्सचा शिक्षक या देशात दिवा घेऊन शोधावा लागतो, आणि वरचा वर्ग फिजिक्सशिवाय चालणार नव्हता, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मग स्पॅनिशच्या बाई म्हणाल्या, माझंही ठरलेलं नाही. मग भूगोलवाले. मग माझा हात वर गेला. अर्ध्या शाळेची जाहिरात पुरवणीत आली तर ती पालकही वाचणार, हे हेडच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नाताळच्या सुट्टीआधी नवा नियम आला. शाळा आधी सांगेल कुणाला ठेवणार ते, मग शिक्षक सांगतील, आणि तेही हिवाळ्यानंतर.

इथे मी थांबले असते तर ते चांगलं पत्रक झालं असतं. पण पुढेही झालं. मार्कची जागा तोवर भरली गेली होती, तो जुलैत कुटुंब घेऊन परत गेला. आणि वसंतात शाळेने नव्या नियमाप्रमाणे आधी सांगितलं. वेळापत्रकाची फेररचना होत आहे, नलिनीताईंचा करार वाढवता येणार नाही. दिवा घेऊन शोधावा लागणारा माणूस शाळेने शोधला होता. करार संपेल तेव्हा ताईंची पाच वर्षं पुरी व्हायला काही आठवडे कमी पडणार होते. मी हेडच्या दारावर जायला निघाले तर त्यांनी मला जिन्यातच अडवलं. "आता तू काही करू नको. तुला घर आहे अजून. खोकी आण कुठून तरी, ते काम आहे."

लेस्टरच्या एका सरकारी शाळेने त्यांना घेतलं आणि नवं परमिट जेमतेम वेळेवर आलं. थोड्याच दिवसांत पाच वर्षं भरली, कायमची परवानगी मिळाली. गार्गीचं मात्र नुकसान झालं. ब्रॅकनेलला तिचा दोन वर्षांचा कोर्स अर्ध्यावर होता. लेस्टरला तो नव्हता, तिथलं सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. वर्ष गेलं, मैत्रिणी गेल्या. कित्येक महिने ती आईशी कामापुरतं बोलत होती. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "मार्कच्या मुलींसाठी तू माझं वर्ष दिलंस. अँड मार्क लेफ्ट एनीवे." नलिनीताई पोळ्या लाटत होत्या. त्या लाटतच राहिल्या.

लेस्टरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा कॅन्सर कळला; तोवर मीही ब्रॅकनेल सोडून ब्रिस्टलला आले होते. शेवटचं भेटले तेव्हा त्या हॉस्पिटलच्या खिडकीशी बसल्या होत्या, मुलांचे फिजिक्सचे पेपर तपासून झालेले. मी विचारलं, कारण मला विचारल्याशिवाय राहवेना, "ताई, तेव्हा उठायला नको होतं असं वाटतं का?" त्या बाहेर पार्किंगकडे बघत म्हणाल्या, "मार्कने ते पान उलटलं नं, तेव्हा सगळे कप धुवायला गेले. मीही गेली होती. कप स्वच्छच होता..." मग म्हणाल्या, "उठली ते बरोबर होतं. गार्गीला न विचारता उठली, ते बरोबर नव्हतं. दोन्ही आहे. तू लिहिशील तेव्हा एकच लिहू नको." मी म्हटलं, मी कशाला लिहीन. "तू लिहिल्याशिवाय राहणार नाही," त्या म्हणाल्या, आणि नर्स आली.

अंत्यविधीनंतर मी गार्गीसोबत त्यांच्या घरी राहिले. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतलं भाड्याचं छोटं घर. या देशात आल्यापासून त्यांच्या स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच. आत गेल्यावर कुणालाही जरा बावचळायला होईल, कारण भिंतीभर खिळे आहेत. शाळेच्या घरांत भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नव्हती. हे घर बघायला आल्या तेव्हा भाडं किती हे विचारायच्या आधी नलिनीताईंनी गुजराती घरमालक कांतिकाकांना विचारलं होतं, खिळे ठोकू द्याल का? काका म्हणाले, ठोको ने बेन, भिंतच आहे. मग त्या दर रविवारी ठोकत सुटल्या. नवऱ्याचा फोटो, नागपूरचं जुनं कॅलेंडर, गाळणी, छत्री, आणि काही खिळ्यांवर काहीच नाही.

गार्गी चहा घेऊन आली. "तू तिच्यावर लिही," ती म्हणाली. "पण तिला संत करू नकोस. शी नेव्हर आस्क्ड मी." मी म्हटलं, लिहीन तसंच. मग मी भीत भीत विचारलं, आता पुढे काय, इथेच राहतेस की माझ्याकडे ब्रिस्टलला येतेस? तुझा मामा तर परत नागपूरला चल म्हणतोय. तिने ड्रॉवरमधून हातोडी काढली, खुर्चीवर चढली आणि जिन्याजवळच्या मोकळ्या भिंतीत खिळा ठोकायला लागली. पहिला वाकला, थोडं प्लास्टर खाली पडलं. दुसरा बसला.

"काय लावायचंय तिथे?" मी विचारलं.

"माहीत नाही," गार्गी म्हणाली, आणि खुर्ची थोडी पुढे सरकवून तिसरा हातात घेतला.