शेंडेकाका कसे सुधारले

शेंडेकाका कसे सुधारले ही गोष्ट मी आजवर पाच हजार वेळा तरी सांगितली असेल. बरं, पाचशे म्हणा. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा न्हाव्याला सांगितली तर त्याचा वस्तरा माझ्या अर्ध्या गालावरच थांबला. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी कुणाला दिलेला नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला देतो — तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नारायण पेठेतल्या आमच्या तीन मजली इमारतीत पहिला फोन आला तो पहिल्या मजल्यावर, शेंडेकाकांकडे. तेव्हा मूल जन्मल्यावर फोनसाठी नाव नोंदवावं, म्हणजे त्याच्या लग्नाच्या वेळी फोन मिळे. त्यामुळे आम्ही अकरा बिऱ्हाडं नातेवाइकांना काकांचाच नंबर देत असू, पुढे 'पी.पी.' लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्याकडे यायचा आणि शेजाऱ्याने निरोप द्यायचा.

आणि शेजारी कोण? — तर पुण्यातला सर्वांत चिकट माणूस. डायलला पितळी कुलूप, किल्ली जानव्याला. दारावर पाटी : 'फोन चालू आहे. आपल्यासाठी नाही.' पाहुण्याला पाणी देण्याआधी तहान कितपत आहे ते विचारत. रात्री घड्याळ बंद ठेवत, झोपलेल्या माणसाला वेळ कशाला म्हणून. हे शेवटचं मी रचलेलं आहे. पण काकांच्या नावावर काहीही खपे, हे लक्षात ठेवा. निरोप द्यायला जिना चढायचा म्हटलं की त्यांचे गुडघे धरत. "चहा घेतो आणि जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा कधी संपत नसे.

तिसऱ्या मजल्यावर सरोजताई कांबळे राहत. सरकारी कचेरीत नोकरी, एकट्या, बोलणं मोजकं. वडील बार्शीला, अंथरुणाला खिळलेले.

देशाची दारं उघडली, असं पेपरवाले रोज छापत होते ते दिवस. एका रविवारी काका मला म्हणाले, अर्धा तास माझ्या घरी बस, गॅसचा सिलिंडर येईल. स्वतः मंडईत गेले — दुपारी भाजी उतरते ना! मी बसलो. दीडच्या सुमारास फोन वाजला. बार्शीहून सरोजताईंचा भाऊ. ताईला म्हणावं, दुपारच्या गाडीनं नीघ, अप्पा तिचंच नाव घेतायत. मी म्हटलं, आत्ता सांगतो.

उठलो. अगदी दारापर्यंत गेलो. तेवढ्यात सिलिंडरवाला आला, घामाघूम, खांद्यावर सिलिंडर. आणि मला काय मिळालं? — श्रोता. मी एकट्याने फ्रिज पाठीवर घेऊन बुधवार पेठेतून घरी कसा आणला, ते त्याला सांगितलं. तो हसला. तो हसला म्हणून दुसरी सांगितली. तिसरी चालू असताना काका आले, मी उठलो, आणि मित्राकडे जायला जिना उतरून चालता झालो. वर जायचं होतं — मी खाली गेलो. निरोप डोक्यातून साफ पुसला गेला होता. इथवर ती चूक होती. चूक कुणाकडूनही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. अप्पा संध्याकाळीच गेले होते. सरोजताई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आठवड्याने परत आल्या. काकांच्या दारात उभ्या राहून एवढंच विचारलं, की भाऊ म्हणतो निरोप दिला होता, तो घेतला कुणी? मी तिथेच होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. काही संशय नाही, नुसतंच विचारावं तसं म्हणाले, "वसंता, तू बसला होतास ना रे?"

'विसरलो' — एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी काय मला फाशी दिली असती? मी म्हणालो,

"काका, मी तुम्हाला सांगितलं होतं की. तुम्ही भाजीची पिशवी ठेवत होतात. म्हणालात, गुडघे धरलेत, चहा घेतो आणि जातो."

ती पिशवी बघा. ते गुडघे बघा. एका श्वासात रचलं मी हे — आणि जन्मभर रचलेल्या गोष्टींत इतकी बेमालूम दुसरी नाही. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. ते डोक्यात ती आठवण शोधत होते. आणि मी डोळ्यांनी पाहिलं — ती त्यांना सापडली. कधी घडलंच नव्हतं ते सापडलं!

"म्हणालो असेन," काका म्हणाले. "मी म्हणालोच असेन."

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी कुलूप गेलं, पाटी गेली, फोन दाराबाहेर स्टुलावर आला. काका चिठ्ठीवर वेळ टाकून निरोप लिहीत आणि कठडा धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः पोचवीत. पुढे घरोघर फोन आले, पोरं हिंजवडीला आणि तिथून अमेरिकेला गेली, तेव्हा काकांनी कॉम्प्युटर घेतला आणि आयांना त्यांच्या मुलांच्या मेल वाचून दाखवू लागले. शनिवार पेठेतूनसुद्धा बायका येत. आणि काकांनी चहा सोडला. का, ते कुणाला कळलं नाही. मला कळलं. 'चहापत्ती वाचवतात' हा विनोद मग मीच पसरवला.

त्यातून चांगलंच झालं ना? — हे मी स्वतःला फार वर्षं ऐकवलं. पण एका म्हाताऱ्याला मी त्याने न केलेलं पाप दिलं, आणि ते त्याने चौदा वर्षं फेडलं. रोज भेटत होतो आम्ही. चौदा वर्षांत सांगायला एक दिवस मिळाला नाही मला?

काका गेले. शोकसभेत बोलायला अर्थातच मी. शेंडेकाका कसे सुधारले ते असं काही रंगवलं, की रुमाल निघाले. नंतर सरोजताई जवळ आल्या.

"वसंतराव, तुम्ही तेव्हा खरं बोललात म्हणून बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी जन्मभर तुमच्यावर संशय घेत राहिले असते."

एकाच इमारतीत राहतो, म्हणून बरोबरच निघालो. वाटेत मी त्यांना काकांची आणखी एक गोष्ट सांगितली. त्या हसल्या.