झाडं कमी, वेग जास्त

माझा धाकटा भाऊ बाराव्या वर्षी चालायचा थांबला. नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मग वडिलांना बाजूला घेऊन मराठीत सांगितलं, की पोराचे स्नायू झिजत जाणार. आधी पाय, मग हात, शेवटी छाती. वडील हिंगोलीत एका कचेरीत शिपाई होते. चाकाची खुर्ची आत जावी म्हणून घरी येऊन त्यांनी न्हाणीचा उंबरठा फोडून टाकला.

तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासनं जुनी मशीनं काढली, त्यातलं एक मी घरी आणलं. आमच्या क्लासची मशीनं दुरुस्त करणारे एक भाई होते, पन्नाशीचे, नेहमी पांढऱ्या टोपीत. त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या मशीनमधलं, पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड काढून आमच्या मशीनमध्ये बसवून दिलं आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ टाकून दिला.

त्या खेळात समुद्राच्या कडेनं जाणारा एक घाटरस्ता होता. भावानं समुद्र पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता.

कार्ड जुनं, त्याची ताकद बेताची. सेटिंगच्या पानावर सगळं आपल्यालाच ठरवावं लागायचं: चित्र किती बारीक दिसावं, सावल्या असाव्यात की नसाव्यात, लांबची झाडं कुठून दिसायला लागावीत. सगळं वर नेलं की चित्र बघत राहावं असं, पण गाडी अडखळत चालायची. सगळं खाली आणलं की गाडी सुसाट, पण डोंगर पुठ्ठ्याचे. पहिले काही दिवस आमचं यावरूनच भांडण.

"सावल्या काढ," मी म्हणायचे. "सावल्यांवाचून काही अडत न्हाई."

"सावल्या काढ, पण झाडं ठेव. अन् पाणी हलताना दिसलं पाह्यजे."

शेवटी सावल्या बंद, झाडं मध्यम, पाणी पूर्ण, यावर आमचं जमलं. वीज असेल तेवढा वेळ तो दोन बोटांनी गाडी चालवायचा. पहिला नंबर आला की स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा. आई तिकडून "बरं बरं" म्हणायची. ती कधी बघायला आली नाही. त्याला उचलणं, धुणं, भरवणं यातच तिचा दिवस जायचा.

सातआठ महिन्यांनी तो वळणावर गाडी आपटायला लागला. एका दुपारी मी क्लासवरून आले तर तो पडद्याकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत होता.

"ताई, मशीन हळू चालून राहिलं का माझं बोट?"

मी त्याचं बोट पाहिलं. बटण दाबताना ते थरथरत होतं आणि दाबून झालं तरी वर येत नव्हतं.

"मशीन," मी म्हणाले. "कार्ड तापत असंल."

दुसऱ्या दिवशी आई त्याला न्हाणीत घेऊन गेली तेव्हा मी सेटिंगचं पान उघडलं. पाणी अर्ध्यावर आणलं. गाडी जरा हलकी झाली, आणि आठवडाभर तो पुन्हा जिंकला. मग पुन्हा आपटायला लागला. मी चित्राचा बारीकपणा कमी केला. मग लांबचं दिसणं. मग शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या हळू केल्या. प्रत्येक वेळी तो न्हाणीत असताना. आतून पाण्याचा आवाज थांबायच्या आत मी पान बंद करायचे.

"झाडं कुठं गेली ताई?" त्यानं एकदा विचारलं.

"कार्ड म्हातारं झालं रे."

त्यानं वडिलांना सांगून भाईंना बोलावून घेतलं. मी घरी पोचले तेव्हा मशीनचं कॅबिनेट उघडं होतं आणि भाई फुंकर मारून धूळ काढत होते.

"कार्ड एकदम बराबर हाय बेटा," ते मला म्हणाले. "तुमीच सगळी सेटिंग खाली करून ठेवली. अशानं काय दिसणार लेकराला?"

मी खूण करायच्या आत ते बोलून गेले होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी कॅबिनेट बंद केलं आणि चहा न घेताच ते गेले.

भावानं बोट बटणावर ठेवून पाहिलं. मग म्हणाला, "बोटच व्हतं ना?"

"व्हय."

"मग काहून न्हाई सांगितलं?"

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाणी हवं असलं तरी आईला हाक मारायचा, मी शेजारी बसलेली असले तरी. पाचव्या दिवशी म्हणाला, "सगळं वर कर. सावल्या पण."

"गाडी चालणार न्हाई."

"न्हाई चालली तर न्हाई."

मी सगळं वर नेलं. कार्ड तापू नये म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून आत टेबलफॅनचा वारा सोडला. गाडी एकेक चित्र दाखवत धक्क्याधक्क्यानं पुढं सरकायची. बाकीच्या गाड्या केव्हाच निघून जायच्या. बटणं मी दाबायचे आणि तो सांगायचा, "अजून थोडं पुढं. थांब." घाटाच्या एका वळणावर तो मला गाडी थांबवायला लावायचा. तिथून खाली पाणी दिसायचं. वीज जाईपर्यंत आम्ही तिथंच.

माझ्यावरचा त्याचा राग गेला का, मला माहीत नाही. तो विषय त्यानं परत काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला. सरकारी दवाखान्यात तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, वडील औषध आणायला गेलेले असताना, तो गेला. त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं. मी पायाशी उभी होते.

तेरावं झाल्यावर आई मशीनच्या खोलीत आली. "तो काय बघत व्हता ते दाखव मला," म्हणाली.

मी मशीन सुरू केलं, गाडी हळूहळू त्या वळणापर्यंत नेली आणि उभी केली. आई त्याच्या जागेवर बसली. ती पाण्याकडे, झाडांकडे, रस्त्यावर पडलेल्या सावल्यांकडे बराच वेळ बघत राहिली.

"इथं माणूसच न्हाई का गं कुणी?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"एकटाच बसायचा व्हय तो इथं?"

मी होते, असं मला म्हणायचं होतं. पण आई पदर डोळ्यांना लावून उठली आणि दुपारच्या भाकरी करायला निघून गेली.