शिवेच्या आत मरीआई

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजची किल्ली तिथल्या शिपायाच्या, मल्हारीच्या, करगोट्याला असायची. त्र्याऐंशी साली मुंबईहून बर्फाच्या डब्यातून एक इवलीशी बाटली आली, ती बसस्टँडवरून त्यानेच आणली. त्याच तोऱ्यात पंचवटीतल्या खोलीवर जेवताना आईला, बयाबाईंना, म्हणाला, "बये, पटकीचं विष आलंय आमच्याकडं. माझ्या ताब्यात!"

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या लताबाईंसारखं नुसतं 'टॉक्सिन' म्हणाला असता, तर दुसरी भाकरी ताटात पडली असती. पण पटकी! निफाडकडच्या गावात बयाबाईंचा थोरला, वाळू, पटकीनेच नेला होता. त्यांनी परात बाजूला सारली.

"गावानं मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवंबाहेर घातला, अन् तू तिला बर्फात बसवून शिवंच्या आत आणली? नोकरी सोड. नायतर मी चालले गावाला."

"अगं, पटकीचा जंतू नाय आणला. नाग नाय तो, नुसतं नागाचं विष. त्याला काय पिल्लं होत्यात?"

"मंग दूध पाजून सांभाळतो कशाला?"

बयाबाईंनी रात्रीच गाठोडं बांधलं. सकाळी आईचं गाठोडं काखोटीला मारून तो स्टँडकडे निघाला, पण वाटेत कॉलेज लागलं, तसं तिला आत घेऊन गेला.

लताबाईंनी बयाबाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. विषाविना ठेवलेल्या पेशी ज्वारीच्या दाण्यासारख्या गोल होत्या, विष घातलेल्या तांदळासारख्या लांबट.

"पेशीला निरोप आला की आतलं बटण दाबलं जातं आणि लगेच सुटतं," लताबाई म्हणाल्या. "हे विष ते सुटूच देत नाही. आतड्यात असं झालं की अंगातलं सगळं पाणी वाहून जातं. इथे आम्ही मुद्दाम बटण दाबून धरतो, म्हणजे आत काय काय चालतं ते बघता येतं."

बयाबाईंनी नळीवरचा डोळा काढला नाही. "म्हंजे माझ्या वाळूचं बटन सुटलंच नाय?"

"नाही, आजी."

त्यांनी पदराने डोळे टिपले. "अन् हितं? हितं ती कुनाचं ऐकती?"

"मल्हारीने कुलूप काढल्याशिवाय बाहेरच येत नाही."

बयाबाईंनी लेकाच्या कमरेकडे पाहिलं. मग त्याच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं. "चल, खोलीची चावी दे. चूल थंड पडली असंल."

दिवाळीत त्या गावी गेल्या, तेव्हा पाणवठ्यावर बायकांनी घेरलंच. "काय गं बया, मल्हारी काय करतो नाशकाला?"

कळशी डोक्यावर चढवत त्या म्हणाल्या, "मरीआई त्याच्या हाताखाली कामाला हाय. सुट्टी पायजे तर त्यालाच इचारती!"